असीरगडाच्या डोल्या आणि आमचा पॅच

तर मंडळी, बरेच शनिवार कोरडे गेले. कारण सांगितलं तर रडगाणं वाटेल, पण आजचा लेखच त्या रडगाण्यावर आहे. त्यामुळे सांगतोच. तुम्ही चहा घेऊन बसा.

मी पोटासाठी काय करतो हे जुन्या वाचकांना माहीत आहे. पुण्यात एका कंपनीत स्टोरेजचं सॉफ्टवेअर लिहितो. बँका, विमा कंपन्या, मोठाली हॉस्पिटलं यांचा डेटा ज्या कपाटाएवढ्या डिस्कांवर राहतो, त्यांची व्यवस्था बघणारं सॉफ्टवेअर. लग्नात कुणी विचारलं तर मी "कॉम्प्युटरचं गोदाम" एवढंच सांगतो. जळगावचा माणूस, केळी आणि कापसाची गोदामं बघत वाढलेला. उपमा फार लांबून आणावी लागत नाही.

तर झालं असं, की दोनेक महिन्यांपूर्वी बाहेरच्या एका सिक्युरिटी रिसर्चरचा मेल आला. अगदी सभ्य भाषेत, पुराव्यासकट. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रिव्हिलेज एस्कलेशन आहे. म्हणजे काय, तर ज्याला दिवाणखान्यापर्यंतच यायची परवानगी आहे असा माणूस देवघर, माजघर ओलांडून थेट तिजोरीपर्यंत पोचू शकतो. कुलूप न फोडता. घरातलाच कुणीतरी त्याला नकळत दार उघडून देतो.

भोक होतं ते एका अगदीच किरकोळ टूलमध्ये. गिऱ्हाइकाकडे काही बिघडलं की सपोर्टवाले म्हणतात, "लॉग पाठवा." हे टूल सगळे लॉग गोळा करून त्यांचं एक गाठोडं बांधतं. लॉग वाचायला रूटचे अधिकार लागतात, म्हणून टूल रूट म्हणून चालतं. चालवणारा मात्र साधा ऑपरेटर. त्याला ते गाठोडं उचलून नेता यावं म्हणून टूल शेवटी फाइलची मालकी ऑपरेटरच्या नावावर करून देतं. आता गंमत बघा. टूल सुरुवातीला तपासायचं, की गाठोडं ठेवायची जागा ठीक आहे ना. मग दोनतीन मिनिटं लॉग गोळा करायचं. आणि मग मालकी बदलायचं. त्या दोनतीन मिनिटांत ऑपरेटरने गाठोड्याच्या जागी त्याच नावाची एक सिमलिंक ठेवली, पासवर्डच्या फाइलकडे बोट दाखवणारी, की आमचं टूल भाबडेपणाने पासवर्डची फाइलच त्याच्या नावावर करून द्यायचं! सातबाऱ्यावर आपल्या हाताने दुसऱ्याचं नाव चढवावं तसं. ज्याच्या नावावर पासवर्डची फाइल, त्याच्या नावावर अख्खं मशीन.

हे कोणी लिहिलं म्हणून मी मोठ्या तोऱ्यात गिट ब्लेम मारला. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोडची कुठली ओळ कोणी, कधी लिहिली हे सांगणारी आज्ञा. नाव अगदी योग्य ठेवलंय.) ओळीसमोर तारीख होती २०१३ सालची, एका शुक्रवारची, संध्याकाळी सातनंतरची.

आणि नाव माझं होतं.

आधीचा कोड एका ज्येष्ठ सहकाऱ्याचा होता आणि चांगला होता. वाटेत कुठेही सिमलिंक दिसली की त्यांचं टूल सरळ नकार द्यायचं. पण एका गिऱ्हाइकाने आपली सपोर्टची डिरेक्टरीच सिमलिंक करून दुसऱ्या मोठ्या डिस्कवर नेली होती. त्यांचं टूल चालेना. शुक्रवारी संध्याकाळी तिकीट आलं, वरून फोन आले. मी ती तपासणी काढली, सुरुवातीला एकदाच बघून घ्यायची सोय केली आणि वर कॉमेंट लिहिली, की हे तात्पुरतं आहे, पुढच्या रिलीजमध्ये नीट करू.

पुढचं रिलीज. बारा वर्षं झाली.

असो. पुढचे तीन आठवडे काय झालं ते नंतर सांगतो. मध्ये एका शनिवार-रविवारी घरी जायचं ठरलंच होतं, म्हणून गाडी काढली. पुण्याहून नाशिक, मालेगाव करत धुळ्याकडे जाताना, धुळं आठदहा किलोमीटरवर राहिलं की लळिंगचा किल्ला लागतो. आग्रा रोडवरून हजारो लोक रोज त्याच्या पायथ्याशी ट्रकना ओव्हरटेक करत जातात. मीही आयुष्यभर तेच केलंय. या वेळी मात्र चहाला थांबलो आणि त्या डोंगराकडे बघता बघता एक जुनी गोष्ट आठवली. आणि ती आठवल्यावर चहा गार झाला.

खानदेशात फारुकी नावाचं घराणं होऊन गेलं. शाळेच्या पुस्तकात यांना अर्धं वाक्य मिळतं. मूळपुरुष मलिक राजा. १३७० साली फिरोजशहा तुघलकाने त्याला थाळनेर आणि आसपासचा मुलूख दिला. थाळनेर म्हणजे शिरपूर तालुक्यातलं, तापीकाठचं. फारुकींच्या कबरी तिथे आजही आहेत. मलिक राजा १३९९ मध्ये वारला. त्याचा मोठा मुलगा नासिरखान याच्याकडे लळिंग होता, पण डोळा होता असीरगडावर.

असीरगड आता मध्य प्रदेशात गेला, बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर. पण तेव्हा तो खानदेशचाच. सातपुड्यातून दक्षिणेत उतरणाऱ्या वाटेवर बसलेला, म्हणून त्याला दख्खनचा दरवाजा म्हणायचे. तिथे आसा अहीर नावाचा एक बलाढ्य गवळी-जमीनदार होता. गाईम्हशींची खिल्लारं, धान्याची कोठारं. दुष्काळात त्याने लोकांना धान्य वाटलं अशी त्याची ख्याती. फारुकींशीही त्याचं बरं होतं. गड असा, की समोरून घ्यायचा तर नासिरखानाच्या दोन पिढ्या खर्ची पडल्या असत्या.

मग नासिरखानाने काय केलं? फिरिश्ता सांगतो ती हकिकत अशी. नासिरखानाने आसाला निरोप धाडला, की बागलाण, अंतूर आणि खेरल्याचे राजे माझ्यावर उठलेत. लळिंग शत्रूच्या फार जवळ पडतो. माझ्या बायकामुलांना तुमच्या गडावर आसरा द्याल का?

आसा भला माणूस. हो म्हणाला. पहिल्या दिवशी काही डोल्या आल्या. त्यांत खरोखरच बायका होत्या. त्यांची नीट व्यवस्था लावली, आसाच्या घरच्या बायका त्यांना भेटूनही आल्या. सगळं ठीक.

दुसऱ्या दिवशी दोनशे डोल्या आल्या. आत नासिरखानाची आई, बायको, घरची मंडळी आहेत असा निरोप. दारं उघडली. पाहुण्यांचं स्वागत करायला आसा आणि त्याची मुलं स्वतः पुढे आली. डोल्यांचे पडदे उघडले आणि आतून हत्यारबंद शिपाई बाहेर पडले. आसा आणि त्याची मुलं जागच्या जागी मारली गेली. गड एका दुपारात गेला. लळिंगवर थांबलेला नासिरखान नंतर तिथे पोचला.

मी कपाळावर हात मारला. अहो, हे तर आमचंच टूल!

तपासणी झाली पहिल्या दिवशी. वापर झाला दुसऱ्या दिवशी. मधल्या वेळात डोलीतला माल बदलला, डोली मात्र तीच. आणि दार कोणी उघडलं? ज्याच्याकडे गडाचे सगळे अधिकार होते त्याने, आपल्या हाताने, चांगुलपणाने. आमच्या धंद्यात या प्रकाराला लांबलचक नाव आहे, टाइम ऑफ चेक टू टाइम ऑफ यूज. मराठीत म्हणायचं तर, बघितलं तेव्हा एक होतं आणि हात घातला तेव्हा दुसरंच.

आता फिरिश्ता घटनेनंतर दोनशे वर्षांनी लिहितोय, तोही विजापूरच्या दरबारात बसून. तेव्हा दोनशे डोल्या कोणी मोजल्या होत्या असं विचारू नका. पण ही युक्ती लोकांच्या चांगलीच लक्षात राहिली एवढं नक्की. १५३८ मध्ये शेरखानाने, म्हणजे पुढच्या शेरशहाने, बिहारमधला रोहतासगड अशाच डोल्यांच्या युक्तीने घेतला अशी कथा आहे. इतिहासकार तिच्यावर भांडतात. खरी धरली तर अर्थ सरळ आहे: भोक जगजाहीर होऊन सव्वाशेपेक्षा जास्त वर्षं झाली, तरी रोहतासच्या राजाने पॅच लावला नव्हता. :-)

आणि ज्यांनी असा गड मिळवला त्या फारुकींचं काय झालं? १६०० साली अकबर असीरगडाखाली येऊन बसला. महिनोन् महिने वेढा चालला. तोफांनी भिंत पडेना. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. मुघलांच्या बाजूचे लेखक गडावरच्या रोगराईचं कारण देतात. जेझुइट पाद्र्यांच्या हकिकतीत वेगळंच आहे: शेवटचा सुलतान बहादूरखान याला बोलणी करायला म्हणून खाली बोलावलं आणि अडकवून ठेवलं, मग वरच्या सरदारांत पैसा चारला. कुठलीही हकिकत घ्या, भिंत शेवटपर्यंत उभीच होती. फारुकींनी तटबंदी वाढवली, तोफा चढवल्या. आपण स्वतः ज्या दाराने आलो त्याची काळजी किती घेतली, हे अकबराने दाखवून दिलं.

लळिंगहून धुळ्यात आलो. धुळ्याच्या गल्ल्यांना नंबर आहेत, बाहेरच्या माणसाला याचं फार नवल वाटतं. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या हातात गेला तेव्हा इथे पोलिटिकल एजंट म्हणून कॅप्टन जॉन ब्रिग्ज आला. त्याने धुळं हे मुख्य ठिकाण केलं आणि सरळ रस्त्यांची नवी वस्ती आखली. पण मला त्याची आठवण दुसऱ्याच कारणाने येते. फिरिश्त्याचा फारसी इतिहास इंग्रजीत आणणारा माणूस हाच. चार खंड, १८२९ साली छापलेले. म्हणजे असीरगडाच्या डोल्यांची गोष्ट जगाला इंग्रजीतून सांगणारा माणूस आपल्या धुळ्याचा आखणीकार!

स्टोरेजवाल्यांनी याच्यापुढचं नीट ऐकावं. ब्रिग्जने हे भाषांतर बऱ्याच वर्षांच्या मेहनतीने आधीच केलेलं होतं. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, पुण्याची रेसिडेन्सी लुटली-जाळली गेली, आणि त्यात ब्रिग्जची पुस्तकं आणि भाषांतराची हस्तलिखितं गेली. दुसरी प्रत नाही. बिचाऱ्याने पुन्हा सगळं केलं. आमच्या कंपनीच्या सेल्सवाल्यांना ही गोष्ट सांगायला हवी, प्रेझेंटेशनमध्ये पहिल्याच स्लाइडला टाकतील. (याच धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य राजवाडे गेले. गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यावरची बाडं सोडवून ज्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रं वाचवली, ते. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यातच आहे. एका गावात बॅकअपचे दोन धडे.)

आता थोडा आमच्या गल्लीतला इतिहास. कंटाळवाणा वाटला तर दोन परिच्छेद उडी मारा, मी रागावणार नाही.

युनिक्स नवीन होतं तेव्हा एक अडचण होती. पासवर्डची फाइल रूटच्या मालकीची, तिला कुणी हात लावायचा नाही. पण प्रत्येकाला आपापला पासवर्ड तर बदलता आला पाहिजे. बेल लॅब्जच्या डेनिस रिचीने तोडगा काढला, सेटयूआयडी. प्रोग्रॅम चालवणारा कोणीही असो, प्रोग्रॅम चालेल तो त्याच्या मालकाच्या अधिकाराने. १९७३ मध्ये पेटंटचा अर्ज केला, १९७९ मध्ये पेटंट मिळालं. एक बिट, बस्स. पण त्या एका बिटामुळे साध्या माणसाच्या सांगण्यावरून मोठ्या अधिकाराने काम करणारा नोकर जन्माला आला. नोकर हुशार असेल तर ठीक. भाबडा असेल तर आसा अहीर. १९७५ मध्ये एमआयटीच्या साल्टझर आणि श्रोडर या दोघांनी एक निबंध लिहिला, त्यात नियम सांगितला: प्रत्येक प्रोग्रॅमला आणि प्रत्येक माणसाला कामापुरताच अधिकार द्यावा, त्याच्या वर कणभरही नको. आम्ही सगळे हा नियम इंटरव्ह्यूत घडाघडा म्हणून दाखवतो. शुक्रवारी संध्याकाळी सातनंतर विसरतो.

माझ्यासारखाच दुसरा पापी कोण, म्हणून शोधायला गेलो तर नाव सापडलं थेट लिनस टोरवाल्ड्सचं. बरं वाटलं, खोटं कशाला बोला! ऑक्टोबर २०१६ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये डर्टी काऊ नावाचं भोक जाहीर झालं. कुठल्याही साध्या यूजरला रूट होता येत होतं. हीसुद्धा वेळेचीच शर्यत, बघणं आणि लिहिणं यांच्या मधल्या फटीतली. फिल ओस्टर नावाच्या माणसाच्या सर्व्हरवर हल्लेखोराने ते प्रत्यक्ष वापरलं, तेव्हा कुठे ते उजेडात आलं. दुरुस्तीसोबतच्या टिपणात लिनसने कबूल केलं, की हा फार जुना बग आहे, अकरा वर्षांपूर्वी मीच तो दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता, पण दुसऱ्या एका प्रकारच्या मशीनवर त्याने अडचण आली म्हणून ती दुरुस्ती मागे घेतली गेली. म्हणजे तपासणी होती, कुणाला तरी त्रास झाला, ती काढली, आणि मग सगळे विसरले. गोष्ट ओळखीची वाटते का?

आमच्या स्टोरेजच्या आळीतलंही एक उदाहरण आहे. व्हेरिटास हे नाव पुण्यातल्या जुन्या इंजिनिअरांना सांगायला नको, अर्ध्या पुण्याचा तिथे कधी ना कधी डबा खाऊन झालाय. त्यांच्या बॅकअप एक्झेक सॉफ्टवेअरमध्ये ओळख पटवायची एक जुनी पद्धत होती. नव्या आवृत्त्यांत ती कोणी वापरत नव्हतं, पण बंदही केलेली नव्हती. वापरात नसलेलं मागचं दार, कडी न लावलेलं. त्यातून शिरून मशीनवर सर्वोच्च अधिकाराने आज्ञा चालवता येत होत्या. मार्च २०२१ मध्ये कंपनीने पॅच काढला, जाहीर केला. काम संपलं? सप्टेंबर २०२२ मध्ये मेटास्प्लॉइटमध्ये तेच भोक वापरणारं तयार मॉड्यूल आलं. लगेच पुढच्या महिन्यापासून खंडणीखोर टोळ्यांनी पॅच न लावलेली मशीनं शोधून त्यातून शिरायला सुरुवात केली. दीड वर्ष औषध बाजारात होतं, लोकांनी घेतलंच नव्हतं. आणि शिरले कुठे, तर बॅकअपमध्ये. घर जळलं तर असावा म्हणून ठेवलेल्या पेटाऱ्यातूनच आग लागली.

हे सगळं डोक्यात घेऊन पारोळा, एरंडोल मागे टाकत रात्री जळगावात पोचलो. आईने शेवभाजी केली होती. आप्पा जागे होते.

आमचे आप्पा एका बँकेत हेड कॅशियर होते. बँकेचं नाव सोडा. जळगाव जिल्ह्यातल्या तालुक्याच्या शाखांत नोकरी गेली. जेवताना मी त्यांना सगळं सांगितलं. सिमलिंक वगैरे त्यांना समजणार नाही असं मला वाटलं होतं. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे सकाळी मोजलेली कॅश संध्याकाळी न मोजता सही केली म्हण ना."

मी म्हटलं, हो. तेच.

मग त्यांनी आत्याच्या लग्नाचा विषय काढला. आमच्या घरात हा विषय निघाला की आई ताट घेऊन आत जाते, कारण तिने तो हजारदा ऐकलाय. बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन चाव्या असतात, एक मॅनेजरकडे आणि एक हेड कॅशियरकडे. एकट्याने उघडायचीच सोय नाही. नव्वद-ब्याण्णव साल असेल. धाकट्या आत्याचं लग्न धुळ्याला, सकाळचा मुहूर्त. आप्पांची चावी ज्यांच्याकडे द्यायची ते गृहस्थ त्यांचे जिवाभावाचे मित्र, एकाच डब्यात जेवणारे. मॅनेजर म्हणाले, "अहो, चावी टेबलावर ठेवा आणि निघा, घरचं लग्न आहे." आप्पांनी ऐकलं नाही. पूर्ण कॅश मोजून, नाणी धरून, मित्राच्या ताब्यात दिली. चावीच्या रजिस्टरात वेळ टाकून दोघांच्या सह्या केल्या. मग एसटी पकडली. धुळ्याला पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. आत्या अजून बोलून दाखवते.

लहानपणापासून मला ही गोष्ट आप्पांच्या हट्टाची वाटायची. त्या रात्री पहिल्यांदा विचारलं, "पण आप्पा, तुमचा त्यांच्यावर भरोसा नव्हता का?"

"भरोसा होता म्हणूनच मोजलं ना बापा," आप्पा म्हणाले. "मी न मोजता दिली असती आणि दुसऱ्या दिवशी शंभराची नोट कमी निघाली असती, तर नाव कोणाचं आलं असतं? त्याचंच ना? मग मैत्री काय कामाची?"

मी गप्प बसलो. आम्ही कायम समजतो की तपासणी चोरासाठी असते. आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्याने लिहिलेला तो नकार गिऱ्हाइकाच्या ऑपरेटरवर अविश्वास दाखवण्यासाठी नव्हता. उद्या कुणी त्या ऑपरेटरचा पासवर्ड चोरला आणि त्याच्या नावाने मशीन लुटलं, तर सगळ्यात आधी मान कोणाची पकडली जाईल? त्या आठदहा हजार पगारावर रात्रपाळी करणाऱ्या पोराची. मी २०१३ मध्ये ती तपासणी काढली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर त्याची सोय होती. त्याचं नाव रजिस्टरातून मी काढून टाकतोय हे कळलंच नाही.

आता पॅचचं सांगतो. पहिल्या आठवड्यात आम्ही तपासणी परत घातली, अजून कडक केली. टेस्ट पास. पण रिसर्चरने दोन दिवसांत दुसरी फट दाखवली. मग आम्ही तपासण्यांवर तपासण्या घालत बसलो, दर वेळी फट लहान व्हायची, मिटायची नाही. जळगावहून परत आल्यावर सोमवारी मी फळ्यावर असीरगड काढला. टीममधली मुलं घाबरली, सरांना ताण सहन होत नाहीये बहुतेक. मी विचारलं, आसा अहीराने काय करायला हवं होतं? एक मुलगा म्हणाला, प्रत्येक डोली उघडून बघायला हवी होती. दुसरी म्हणाली, दोनशे डोल्या उघडेपर्यंत पहिल्या डोलीतले बाहेर आले असते. मग तीच थोडं थांबून म्हणाली, "सर, डोल्या गडावर घ्यायच्याच कशाला? पाहुण्यांची सोय पायथ्याला करायची. धान्य वरून खाली पाठवायचं."

झालं! तोच आमचा पॅच. टूलचे दोन तुकडे केले. रूटवाला तुकडा फक्त लॉग वाचतो आणि एका नळीतून खाली सोडतो. खालचा तुकडा ऑपरेटरच्याच अधिकाराने चालतो आणि गाठोडं बांधतो. फाइल जन्मतःच ऑपरेटरची, मालकी बदलायचा प्रश्नच नाही. रूट ऑपरेटरच्या डिरेक्टरीला हातही लावत नाही. आता तिथे सिमलिंक ठेवा नाहीतर दोनशे डोल्या ठेवा, ऑपरेटरला जे आधीच करता येत होतं त्यापलीकडे काही मिळत नाही. आणि मजा म्हणजे २०१३ सालच्या त्या गिऱ्हाइकाची सिमलिंकवाली डिरेक्टरीही यात व्यवस्थित चालते. तेव्हा दोन दिवस मागून घेतले असते तर कदाचित हेच सुचलं असतं. नसतंही सुचलं. पण मी मागितलेच नव्हते.

पॅच गेला. गिऱ्हाइकांना पत्रं गेली. आता सगळ्यात कठीण काम चालू आहे, फोन करून लोकांना तो लावायला लावणं. "रीस्टार्ट लागेल का? मग मार्चनंतर बघू." या उत्तराला माझ्याकडे उत्तर नाही. बॅकअप एक्झेकची गोष्ट सांगतो. काही ऐकतात.

शेवटी असा प्रकार घडला की कंपनीत एक अहवाल लिहायचा असतो: काय झालं, का झालं. पद्धत अशी की नावं घालायची नाहीत, "एका बदलामुळे" असं मोघम लिहायचं. पद्धत चांगली आहे, त्यामुळे लोक लपवत नाहीत. मॅनेजर म्हणाले तसंच लिही. मी बदलाची तारीख टाकली, वेळ टाकली, आणि पुढे लिहिलं, "हा बदल मी केला होता." माझ्यासमोर बसलेल्या त्या नव्या मुलीने तो वाचला आणि जाताना म्हणाली, "सर, माझ्या कोडमध्येपण एक तात्पुरतं आहे. सोमवारी दाखवू का?"

सोमवारपर्यंत थांबलो नाही. शुक्रवार होता, सात वाजून गेले होते, तरी बसलो दोघं.

तुमच्या मशीनवर कोपऱ्यात ती अपडेटची खूण आठवडाभर लुकलुकत असेल, तर हा लेख मिटवून आधी तिच्यावर क्लिक करा. भेटू पुढच्या शनिवारी, जमलं तर.